साठ सशांची अंडी

"माझ्या हातचा केक पॉप आजवर काडीवरून पडला नाही, आणि पडणारही नाही!" असं रूपाली पाटील छातीठोकपणे सांगायची. शहाद्यात केळी कोणाची चांगली, पपई कोणाची गोड, यावर माणसं बाजार उठेपर्यंत भांडतील. पण केक पॉप कोणाचे चांगले, याबद्दल गावात दुमत नव्हतं. असणार कसं? अख्ख्या शहाद्यात ते करणारी बाई एकच होती!

केक पॉप म्हणजे फार अवघड काही नाही. केक भाजायचा, निवला की त्याचा चुरा करायचा, चुऱ्यात क्रीम कालवून गोळे वळायचे, गोळ्यांना काडी खोचायची आणि पातळ केलेल्या चॉकलेटात बुडवून वर नाक-डोळे काढायचे. पोरांनी काडी धरून खायचं. रूपाली हे सगळं मोबाईलवर बघून शिकली. लेकीच्या, स्वप्नालीच्या सहाव्या वाढदिवसाला तिनं वीस अस्वलं केली. कॉलनीतली पोरं त्या अस्वलांवर अशी तुटून पडली, की दोघांचे दात हलले! तेव्हापासून ऑर्डरी सुरू झाल्या. कधी वाघ, कधी बेडूक, एकदा तर एका हवालदाराच्या मुलासाठी पंचवीस पोलीस.

घरात एकाच माणसाला या धंद्याचं कोडं सुटत नव्हतं. सासूबाई, भिकुबाई. सासरे गेल्यावर तापीकाठचं गाव सोडून त्या दोन वर्षांपूर्वी शहाद्याला लेकाकडे आल्या. रूपाली केक कुस्करायला बसली, की त्या शेजारी फतकल मारून बसायच्या.

"आख्खा केक भाजाना, मंग तोडाना, मंग परत वळाना!" त्या हनुवटीला हात लावायच्या. "मंग पयला तोडाना कसाले वं, माय?"

"आई, तशी रेसिपी असते."

"हाऊ त लाडूच शे! काडीवरना लाडू!"

आणि हे त्या सगळ्यांना सांगायच्या. दूधवाल्याला, शेजारच्या गजराबाईला, फोनवर नंदेला. एकदा तर ऑर्डर घ्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनाच दारात सांगितलं, "बसा ना बाई, लाडू वळी ऱ्हायनी ती!" डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. रूपालीचा त्याहून जास्त. बाई गेल्याबरोबर तिनं फर्मान काढलं.

"आई, यापुढे कोणासमोर लाडू म्हणायचं नाही! लाडू म्हटलं की लोकांना वाटतं, यात काय एवढं? केक पॉप म्हणा."

"केप काप."

"केक... पॉप."

"पेक... कॉप." भिकुबाईंनी तीन-चारदा जीभ वळवून पाहिली, शेवटी पदर तोंडाला लावून हसल्या. "मन्ही जीभ नही वळत, माय. पन लाडू नही म्हनाऊ. बंद!"

आणि त्यांनी खरंच बंद केलं. सांगितलेलं ऐकायची त्यांना सवय होती. रूपालीला नंतर सगळ्यात जास्त हीच गोष्ट लागली. पण ते नंतर.

मे महिन्यात प्रियलची ऑर्डर आली. प्रियल म्हणजे बाजारपेठेतल्या मोठ्या कापड दुकानाची धाकटी सून. मारवाडी जैन घर, तीन पिढ्या शहाद्यात. तिच्या गुड्डूचा पाचवा वाढदिवस रविवारी, आणि गुड्डूला हवे होते ससे. साठ ससे!

"रूपालीभाभी, एक गोष्ट हां," प्रियल फोनवर हळू आवाजात म्हणाली, "अंडं बिलकुल नको. सासूमां फार कडक आहेत. अंड्याचं नुसतं नाव घेतलं ना, तरी चूल धुवायला लावतात."

"प्रियलताई, निश्चिंत राहा!" रूपाली म्हणाली. "माझ्या घराचा उंबरा अंड्यानं आजवर बघितलेला नाही. माझ्या सासूबाईंना तर वाससुद्धा खपत नाही."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. रूपालीचा केक दही, सोडा आणि डब्यातल्या घट्ट दुधावर फुगायचा. मनातल्या मनात ती मात्र साठ सशांच्या पुढे धावत होती. त्या पार्टीला पेठेतली सगळी व्यापारी घरं येणार. उद्या त्यांची बारशी, परवा मुंजी, तेरवा लग्नं! नवरा भूपेश कॉलेजात लॅब असिस्टंट. त्याला ती म्हणाली, "बघा, दिवाळीपर्यंत आपलं बाजारात दुकान असेल." भूपेशनं पेपरातून मान वर न करता विचारलं, "आणि आपल्याला रोजचं जेवण कोण देईल?"

शनिवारी सकाळी तिनं साठ गोळे वळले. सशाचं तोंड लांबट असतं म्हणून गोळेही लांबट केले. वरून पांढऱ्या क्रीमचा हात फिरवला आणि ते घट्ट व्हायला फ्रीजमध्ये मांडले. ताटं भरली, डबे भरले, तरी बारा गोळे उरले. मग तिची नजर फ्रीजच्या दारातल्या खाचांकडे गेली. कंपनीनं त्या खाचा कशासाठी केल्यात हे सगळ्या जगाला माहीत आहे. या घरात त्यात लिंबं असायची. रूपालीनं लिंबं काढली आणि बारा गोळे एकेका खाचेत बसवले. अगदी मापात बसले! मग फोन चार्जिंगला लावून ती बाजारात निघाली. सशांच्या कानांसाठी टरबुजाच्या सोललेल्या बिया आणि नाकासाठी रंगीत बडीशेपेच्या गोळ्या आणायच्या होत्या.

ती कोपऱ्यावर पोचली असेल नसेल, फोन वाजला. तो भिकुबाईंनी उचलला. पुढचं बोलणं रूपालीला कळायला दीड दिवस लागला. आपण आत्ताच ऐकून घेऊ.

पलीकडे स्वतः बदामबाई होत्या, प्रियलच्या सासूबाई. चाळीस वर्षं खेड्यापाड्यातल्या बायांना लुगडी दाखवून त्यांची अहिराणी भिकुबाईंपेक्षाही पक्की झाली होती.

"कोन, भिकुबाई का? बरी शेस ना? रूपाली कोठे शे?"

"बजारमा गयी, बाई. बोला ना."

"काय नही वं, पोरेसना खाऊना इचारू ऱ्हायनू. तयार शे ना?"

आता पंचाईत आली. त्या वस्तूला म्हणायचं काय? लाडू म्हणायचं नाही. दुसरा शब्द जिभेवर वळत नाही. भिकुबाईंनी फ्रीज उघडला, आत पाहिलं, आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

"तयार ना, बाई! साठ अंडा मांडी ठेयेल शेतस!"

"...काय म्हनस?"

"अंडा! एकदम गावठीना मायक! तुम्हना नातूकरता सक्कायपासून करी ऱ्हायनी ती. आते त्यासले काड्या खोसी, रंग देई, झाये!"

पलीकडे इतकी शांतता झाली, की भिकुबाईंना वाटलं रेंज गेली. त्यांनी दोनदा "हालो, हालो" केलं, फोन परत चार्जिंगला लावला आणि लिंबं वेचून टोपलीत ठेवली. रूपाली आल्यावर सांगितलं, "बदामबाईना फोन व्हता. तयार शे का इचारे. मी सांगं, एकदम तयार शे!"

"वा, आई!" रूपाली म्हणाली. "काय म्हणाल्या?"

"काहीच नही म्हनन्या."

मोठी माणसं फोनवर कमीच बोलतात, असं रूपालीला वाटलं.

रविवारी साडेसहाला साठ ससे तयार झाले. आणि खोटं कशाला बोलायचं, फार गोड दिसत होते! पांढऱ्या चॉकलेटात बुडवलेली शुभ्र तोंडं, टोकदार कान, गुलाबी नाक. थर्माकोलमध्ये काड्या रोवून तिनं ते दोन क्रेटमध्ये उभे केले, तीस-तीस. वर ओलं फडकं. भूपेश स्वप्नालीला मोटारसायकलवर पुढे नेऊन पार्टीच्या दारात सोडून परतणार होता. रूपाली आणि भिकुबाई क्रेट मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या.

मे महिन्यातलं शहादा! साडेसहालासुद्धा सीटवर पापड भाजून निघाला असता. त्यात रेशन दुकानापुढच्या चौकात ट्रॅक्टर आडवा. रिक्षा वीस मिनिटं जागची हलली नाही. भिकुबाईंनी फडक्याखाली डोकावून पाहिलं. एका सशाचा कान गळाला होता. दुसऱ्याचा गळायला आला होता.

"रूपाली, कान पडी ऱ्हायनात!"

"आई, हात लावू नका! फडकं उघडूच नका! वारा लागला की जास्त वितळतं!"

पण आपल्या मांडीवर कोणाचे कान पडत असताना माणूस गप्प कसा बसेल? भिकुबाईंनी रूपालीकडे पाठ केली आणि फडक्याखाली हात घालून, अंदाजानं, एकेक कान उचलून चिकटवायला सुरुवात केली. पदरानं वारा घातला, चॉकलेट ओघळलं तिथे बोटानं सारखं केलं. एवढ्या मायेनं त्यांनी स्वतःच्या नातवंडांचेही कान धुतले नसतील.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर हॉल फुग्यांनी भरला होता. पण दारातच काहीतरी बिनसल्याचं रूपालीला जाणवलं. प्रियलनं "या" म्हटलं ते जमिनीकडे बघून. तिच्या नवऱ्यानं, तरुणनं, मधल्या टेबलाकडे जाणारी वाट अंगानंच अडवली आणि क्रेट ठेवायला एक स्टूल दाखवलं. स्टूल चपलांच्या रॅकशेजारी! त्यावर पेपर अंथरला होता, जणू कोणी रंगारीच येणार होता. हॉलमध्ये मधोमध दुसराच एक केक आणि कुल्फीचा मटका मांडलेला! कोपऱ्यात पांढऱ्या साडीत बदामबाई ताठ बसल्या होत्या.

"काय झालं असेल?" रूपाली पुटपुटली. तिनं भिकुबाईंच्या क्रेटवरचं फडकं उचललं.

तीसही ससे उभे होते. पण काय ससे! कोणाचे कान गालावर, कोणाचे हनुवटीला. एकाला तीन कान, शेजारच्याला एकही नाही. प्रत्येकाच्या कपाळावर अंगठा उमटलेला. चार-पाच तर पोळ्याचे बैल म्हणून सहज खपले असते! तेवढ्यात एक छोटी मुलगी पुढे आली, तिनं एक सशासारखं काहीतरी उचलून जिभेला लावलं, आणि "नको, नको, नको!" करत तिची आई अशी धावली, जणू पोर विहिरीत वाकली होती. पोरीचं तोंड पाण्यानं धुतलं गेलं. पोरीनं भोकाड पसरलं. सगळा हॉल वळून बघायला लागला.

रूपालीला वाटलं, बघतायत ते कानांकडेच. तिचं डोकं फिरलं.

"आईंनी केलं हे!" ती मोठ्यानं म्हणाली. "मी सांगून सांगून थकले, हात लावू नका, हात लावू नका! पण ऐकतील तर ना! खेड्यातली माणसं, यांना काय कळतं यातलं? शेण थापल्यासारखे कान थापून ठेवलेत!"

हॉलमध्ये फुगा फुटला असता तर बरं झालं असतं. काहीच फुटलं नाही. कुल्फीवालासुद्धा थांबला. भिकुबाई दारात उभ्या होत्या, चॉकलेटनं बरबटलेली बोटं पदरात लपवत.

बदामबाई उठून पुढे आल्या.

"कानाचं राहू दे, बेटा. तू एवढंच सांग. यात अंडी कोणी घातली?"

"अंडी?" रूपाली भांबावली. "कोणी घातली म्हणजे? कोंबडीनं?"

"म्हणजे घातली!" मागून एक आत्याबाई किंचाळल्या.

"अहो, यात कुठली अंडी? एकही अंडं नाही!"

"एक नाही, साठ!" बदामबाई म्हणाल्या. "तुझ्या घरून फोनवर मी स्वतः ऐकलं. साठ अंडी, गावठी! तुझी सासू आमचं चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक, म्हणून आम्ही तुला तोंडावर नाही म्हटलं नाही. तरुण नंदुरबारहून दुसरा केक घेऊन आला. पण तू शब्द दिला होतास ना, बेटा?"

साठ सशांसारखीच रूपालीही पांढरी पडली. आणि मग दारातून भिकुबाईंचा आवाज आला.

"बाई, तिनं काही चुकनं नही. अंडा म्हननारी मी शे." त्या पुढे आल्या. "मन्हा घरमा अंडं नही शिरत. मन्ही वहू सोयरासमोर खोटं नही बोलत. ते गोळा माले अंडासारखा दिसनात, म्हनीसन मी अंडा म्हनं."

"अगं पण भिकुबाई," बदामबाई चक्रावल्या, "गोलच होते तर लाडू म्हणायचं ना!"

"लाडू म्हनानी बंदी शे," भिकुबाई खाली मान घालून म्हणाल्या.

मग बदामबाईंच्या पोटातून हसू आलं. त्या हसल्या तशी प्रियल हसली, तरुण हसला, किंचाळणाऱ्या आत्याबाई तर भिंतीला टेकून हसल्या. बदामबाईंनी डोळे पुसत भिकुबाईंचा चॉकलेटी हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मी आत्ता सगळ्यांसमोर एक खाऊन दाखवला असता, पण सूर्य बुडाला. आता उद्यापर्यंत पाणीसुद्धा नाही."

"चला, चला, ससे वाटा!" प्रियल ओरडली आणि दुसऱ्या क्रेटवरचं फडकं तिनं ओढलं. हा रूपालीचा क्रेट. याला कोणाचा हात लागला नव्हता. वाराही नाही.

तीस काड्या ताठ उभ्या होत्या. नुसत्या काड्या! ससे खाली, थर्माकोलवर, एकमेकांत मिसळून, श्रीखंडासारखे पसरले होते. त्या लगद्यातून एक गुलाबी नाक वर तरंगत होतं.

सगळ्यांनी भिकुबाईंच्या क्रेटकडे पाहिलं. तीन कानांचा का होईना, प्रत्येक ससा आपल्या काडीवर उभा होता. पोरांनी ते तीस हातोहात संपवले. तीन कानवाल्यासाठी तर मारामारी झाली!

हसण्याच्या त्या गडबडीत एक जण हसत नव्हतं. भिकुबाई जिन्यातल्या नळावर हात धूत होत्या. रूपाली मागे जाऊन उभी राहिली. "आई..." एवढंच म्हणाली. भिकुबाई म्हणाल्या, "चॉकलेट भलतं चिकट ऱ्हास वं." आणि हात धूत राहिल्या, चॉकलेट निघून गेल्यावरही.

सोमवारी सकाळी रूपाली उठली तेव्हा भिकुबाईंची पिशवी भरलेली होती. "तळोदाले जाऊ ऱ्हायनू, रंजनाकडे." रंजना म्हणजे लेक. रूपाली काही बोलायच्या आत भूपेशनं मोटारसायकल काढली. स्टँडवरून परत आला आणि गाडी न लावताच म्हणाला, "तू मायला काय बोललीस, ते मला पेठेत तरुणनं सांगितलं. घरात का नाही सांगितलंस?"

अंडी नव्हती हे साठ माणसांना पटलं होतं. शेण मात्र तिच्याच तोंडून निघालं होतं. त्या आठवड्यात दोन ऑर्डरी आल्या. एक वाघांची, एक घुबडांची. "तब्येत बरी नाही," असं सांगून तिनं दोन्ही सोडल्या. केक कुस्करायला बसलं, की शेजारची जागा रिकामी दिसायची आणि चुऱ्याचं काय करायचं तेच सुचायचं नाही.

गुरुवारी ती स्वप्नालीला घेऊन तळोद्याच्या एसटीत बसली. वाटेत सगळं भाषण मनाशी तयार केलं. "आई, माझ्याकडून अनवधानानं जे उद्गार निघाले..." शाळेतल्या निबंधासारखं!

रंजनाच्या अंगणात भिकुबाई अडकित्त्यानं कैऱ्या फोडत होत्या. नात गळ्यात पडली तशा फुलल्या. रूपालीनं वाकून नमस्कार केला, तोंड उघडलं, आणि निबंध कुठच्या कुठे गेला.

"आई, मन्ही चूक व्हयनी. माले माफ करा."

बारा वर्षांत सासूशी ती पहिल्यांदाच अहिराणीत बोलली होती. भिकुबाईंनी कैरीची कोय बाजूला टाकली.

"बोलनी तव्हय चार माणसे व्हतात. माफी एकलीले मांगस?"

रूपाली उठली. पदर खोचला, गल्लीत जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "ऐका हो! माझ्या सासूबाईंनी काही बिघडवलं नव्हतं! चूक माझी होती! त्यांनी अंडी घातली नव्हती!"

धुणं वाळत घालणाऱ्या दोन बाया थबकल्या. समोरचे वाहरूआप्पा खाटेवर उठून बसले. "कोन म्हनस त्यासनी घालात?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"बस, बस! आत ये!" भिकुबाई अंगणातून ओरडल्या. "तठे साठ माणसेमा झाये, आते तळोदामा बी करशी का?" आणि त्या हसल्या. खरंच हसल्या. रूपालीला रडू फुटलं. भिकुबाईंनी तिला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि तिच्या हातात फडकं दिलं, "कैऱ्या पुस."

दुपारभर दोघींनी कैऱ्या पुसल्या, फोडल्या, मीठ लावलं. चार वाजता रूपाली म्हणाली, "आई, पिशवी भरू का? साडेचारची गाडी आहे."

भिकुबाईंनी बरणीचं तोंड फडक्यानं बांधलं. गाठ नीट बसली का पाहिलं.

"मी तुले माफ करं, माय. मी रुसेल नही. पन लोणचं मुरू दे."

"किती दिवस लागतील?"

"महिना लागस. कव्हय कव्हय दोन." त्यांनी बरणी सावलीत सरकवली. "घाई करी त बुरशी येस."

साडेचारच्या गाडीला मरणाची गर्दी होती. रूपालीनं खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली. स्वप्नाली खिडकीशी, मध्ये ती, आणि कडेच्या जागेवर तिनं नकळत पिशवी ठेवली. एवढ्या गर्दीतही ती तिला उचलवेना. कंडक्टर आला.

"ताई, पिशवी उचला. ही सीट कोणाची?"

"सासूबाईंची."

"मग कुठे आहेत त्या?"

रूपालीनं पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"लोणचं मुरतंय."